मलिद्याचे पोहे

दादाने बॅगेतून कागदी ताटल्यांचं बंडल काढून आईच्या ओट्यावर ठेवलं, तेव्हाच मला कळलं की हे दहा दिवस काही धड जाणार नाहीत.

इस्रायलहून अकरा वर्षांनी आला होता तो. विमानतळावरून थेट डिलाईल रोडला, आमच्या अकराव्या मजल्यावर. पूर्वी इथेच आमची चाळ होती. ती पाडून टॉवर झाला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना त्यात तीनशे फुटांची घरं मिळाली. दाराच्या चौकटीवर आमच्या लोकांत मेझुझा असतो, आत पवित्र वचनांचा कागद घातलेली छोटी डबी. चाळीच्या दारावरचा मेझुझा मी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने काढून इथे आणून लावला होता. दादाने आत शिरताना त्याला हात लावून बोटं ओठांना लावली, मग मान वर करून निरखून बघितलं आणि म्हणाला, "आतला कागद तपासून घेतलास का? शाई उडाली असली तर चालत नाही." सत्तरी ओलांडलेला माणूस, आईला अकरा वर्षांनी भेटतोय, आणि उंबऱ्यातच तपासणी सुरू.

आई एक्क्याण्णव वर्षांची. पहाटेपासून बसून होती. त्याच्यासाठी तिने चिकाचा हलवा केला होता, म्हणजे तिने खुर्चीतून हुकूम सोडले आणि मी दीड तास ढवळला. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध. मटणाच्या जेवणावर आम्हाला दूधदुभतं चालत नाही, म्हणून आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळं नारळाच्या दुधात केलं. कुणी पुस्तक उघडून शिकवलं नव्हतं त्यांना. कोकणातल्या खेड्यात, ज्यू म्हणजे काय हे आजूबाजूच्या कुणालाही ठाऊक नसताना, या बायका शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत, खवल्यांशिवायचा मासा शिजवायच्या नाहीत आणि मुलांची सुंता आठव्या दिवशी करून घ्यायच्या. त्या बायकांच्या पणतीने केलेला हलवा दादाने बघितला आणि तो म्हणाला, "आई, मी बाहेरचं खात नाही आता."

बाहेरचं! आईच्या स्वयंपाकघराला बाहेरचं म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मात्र म्हणाली, "असू दे रे, प्रवासातून आलायस," आणि ताटली झाकून ठेवली. मग त्याने आपल्या बॅगेतून एक सीलबंद पाकीट काढलं, त्यावरचा धर्मगुरूचा शिक्का आम्हाला दाखवला आणि कागदी ताटलीत थंडगार काहीतरी काढून जेवला. शेजारच्या मालवणी वहिनी दारात आल्या, तशा माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "काय गो, झीलान काय खाल्ल्यान का नाय?" मी म्हटलं, "खातोय की, पुठ्ठा."

मला लोक नेहमी विचारतात, तुम्ही का नाही गेलात? आमचं आडनाव 'कर'वर संपतं, मी मराठी बोलते, नऊवारीतल्या आजीचा फोटो आमच्याही भिंतीवर आहे, त्यामुळे आधी तर कुणाचा विश्वासच बसत नाही. मग म्हणतात, म्हणजे पारशी का? ख्रिश्चन का? सगळं सांगून झालं की हा प्रश्न येतो. मध्ये दोन पोरं कॅमेरा घेऊन आली होती, आमच्यासारख्यांचे फोटो काढायला. मला म्हणाली, खिडकीत उभं राहून जरा दूर बघा. मी त्यांना चहा दिला आणि घालवून दिलं.

मीही गेले होते. चोविसाव्या वर्षी गेले, दादा राहायचा त्याच वाळवंटातल्या गावात, संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये काम केलं. तिथे मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नसे, 'ए हिंदू' म्हणत. इथे ज्यू म्हणून वेगळी आणि तिथे हिंदू म्हणून वेगळी. अकरा महिन्यांनी वडील आजारी पडले म्हणून परत आले, ती राहिलेच. भोईवाड्याला म्युनिसिपल शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, आधी वडिलांचं केलं, मग आईचं. लग्न राहून गेलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, पण कुणी मला धर्म शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

तर मलिदा.

वर्तमानपत्रात मलिदा म्हटलं की लाच खाल्ल्याची बातमी असते, म्हणून आधीच सांगते, आमच्याकडे हा विधी आहे. पोहे धुऊन भिजवायचे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून हाताने कालवायचे, तबकात त्याची रास करायची, भोवती पाच फळं, खजूर आणि सब्जाच्या डहाळ्या. मशिदीतून, म्हणजे आमच्या सिनेगॉगमधून, आई अजून तिला मशीदच म्हणते, हजान येतात. ते प्रार्थना चालवणारे. दहा पुरुष लागतात. आमच्या नबीचं नाव घेऊन गाणं म्हणतात, आशीर्वाद म्हणतात आणि सगळे खातात. हा नबी रथातून आकाशात गेला आणि जाताना कोकणातल्या एका खडकावर चाकांची खूण ठेवून गेला, असं आमचे लोक मानतात. नवस बोलायचा तो त्याच्याच नावाने. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे हे असं नाही, हे खरं आहे.

दादा एकोणिसाव्या वर्षी गेला. दोन वर्षांत तिथे लढाई लागली आणि तो फौजेत होता. सात आठवडे पत्र नाही. वडील गिरणीत फिटर होते, ते रोज संध्याकाळी पोस्टमनच्या घरी जाऊन विचारून यायचे. मी पंधरा वर्षांची होते. एका दुपारी भोंगा होऊन गेल्यावर आई मोरीतून हात पुसत आली, डोक्यावर पदर घेतला, खिडकीशी उभी राहिली आणि मोठ्याने नवस बोलली. "माझा मुलगा हातीपायी धड घरी येऊ दे. माझ्या घरात, दहा माणसांसमोर, तो स्वतःच्या हाताने मलिदा कालवील." आणि मग तिने मला समोर बसवून, निळ्या हवाई पत्रावर, दादाला हे सगळं लिहिलं. माझं अक्षर बरं म्हणून पत्ता मी घातला.

तो धड राहिला. पण घरी यायला त्याला नऊ वर्षं लागली आणि आला तो चार दिवसांसाठी, बायको आणि दोन तान्ही मुलं घेऊन, त्यातले तीन दिवस मुलं तापाने फणफणलेली. पुढच्या वेळी, म्हणाला. पुढच्या वेळी आला तेव्हा वडील गेले होते आणि आम्ही सगळे सात दिवस जमिनीवर बसलो होतो, सुतकात मलिदा कसला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आई खुब्याचं हाड मोडून इस्पितळात. आता ही चौथी खेप. आईने त्याचं तिकीट निघाल्याचं ऐकलं त्याच दिवशी हजानना फोन करायला लावला. येत्या रविवारचं ठरलं. दहा माणसं जमवता जमवता मला नऊ फोन करावे लागले, कारण आमची माणसं उरलीत किती, आणि उरली त्यातली चालती किती. दहावा दादा धरला होता.

बुधवारी आईने त्याला सांगितलं, "रविवारी हं. फार काही नाही, पोहे मी भिजवून ठेवीन, तू नुसता हात घाल."

"बघू," दादा म्हणाला.

बघू म्हणजे नाही. पन्नास वर्षं तिकडे राहिला तरी हा शब्द त्याने डिलाईल रोडवरूनच नेलाय.

गुरुवारी मी त्याला मुद्दाम लालबागच्या बाजारात नेलं. म्हटलं, सामान तरी हाताने उचल. चांगले जाडे पोहे घेतले. तो मध्येच हे दुकान कुठे गेलं, ती गिरणीची भिंत कुठे गेली, विचारत होता. त्याचं मराठी आहे तिथेच थांबलंय. 'झकास' म्हणतो, 'आयला' म्हणतो, आता इथली पोरं जे बोलत नाहीत ते सगळं त्याच्याकडे शिल्लक आहे. एवढी मोठी दाढी, डोक्याला टोपी, आणि तोंडातून आमच्या चाळीतला पोरगा बोलतो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

गुळाच्या दुकानाशी मी म्हटलं, "एक किलो द्या. नवसाचा आहे, चांगला बघून द्या."

दादाने माझा दंड धरला. "घेऊ नकोस. मी कालवणार नाही."

"का? हात मोडलेत?"

"मी सही केलीय."

दुकानदार गुळाची ढेप हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. दादाने मला बाजूला ओढलं, एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला, आणि तिथे, डिझेलच्या वासात, पन्नास वर्षांनी पहिल्यांदा मला सांगितलं.

लढाईनंतर पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलगी तिथलीच, तिचे आईवडील मोरोक्कोहून आलेले. लग्नाची नोंद करायला गेला तर तिथल्या धर्मकार्यालयात त्याला वेगळं बसवलं. बाकीच्या मुलांची नावं लिहून घेऊन पाच मिनिटांत सोडत होते. हा हिंदुस्थानातला, हा खरा ज्यू कशावरून? टेबलामागे तीन म्हातारे. आजीचं नाव काय, पणजीचं काय, तुमच्यात विधवेचं लग्न कुणाशी लावतात, मूर्ती पुजता का. मग एकाने विचारलं, तुमचे लोक पोह्याचं ताट मांडून नवस फेडतात असं ऐकलं, ते कुणापुढे मांडतात? ते पूजेसारखंच नव्हे का?

"मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, तुमच्या घरी करतात का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तुझी आई करते का? मी म्हटलं, नाही. माझी आई असलं काही करत नाही. त्याने ते लिहिलं आणि मी खाली सही केली. देवाला साक्ष ठेवून, असं वर लिहिलेलं होतं. मग त्यांनी मला विधीचं स्नान करायला लावलं, धर्मांतर केलेल्याला लावतात तसं, आणि कागद दिला."

मला त्या तिघांचा असा राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. ज्या बायकांनी दोन हजार वर्षं, कुणी बघत नसताना, शनिवार पाळला, त्यांच्या मुलाला तुम्ही धुऊन घेता? बंदूक हातात देताना नाही विचारलं पणजीचं नाव! पण ते तिघे एव्हाना मेले असणार. मेलेल्यांवर ओरडता येत नाही म्हणून मी दादावर ओरडले.

"तेव्हा पोरगा होतास, मान्य. एकटा होतास, मान्य. नंतरची पन्नास वर्षं काय करत होतास?"

"त्यांना हवा होता तसा झालो," दादा म्हणाला. "आधी भीतीने झालो. आता खरंच तसा आहे. मी नाटक करत नाही ग. आणि पुढच्या महिन्यात नातीच्या लग्नाची नोंद आहे, त्याच कार्यालयात. मुलाकडचे आत्ताच विचारतायत, आजा हिंदुस्थानातला म्हणजे नक्की कोण. माझी फाईल काढतील. कुणी रविवारचा फोटो काढून कुठे टाकला तर?"

"मी सगळ्यांचे फोन पेटीत घालून कुलूप लावीन."

त्याने नुसतं वर बोट केलं. वरचा बघतो, असं.

"वरच्याने तुला खोटं बोलताना बघितलंच आहे," मी म्हटलं. "आता खरं करताना बघू दे."

 दुकानदाराने विचारलं, "ताई, गूळ बांधू ना?" मी म्हटलं, बांधा.

घरी आलो. आई दाराकडे तोंड करून बसलेली. पिशवीतले पोहे तिने हातात घेऊन बघितले, चांगले आहेत म्हणाली. मी दादाला म्हटलं, "तू सांगतोस की मी सांगू?" मी थांबू शकले असते. त्याने काही निमित्त काढलं असतं, पाठ धरली, पोट बिघडलं, आणि आईने तेही मानलं असतं. पण मला त्याला सुटू द्यायचं नव्हतं.

त्याने सांगितलं. खाली बघत, तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसून, सगळं सांगितलं. आई ऐकत होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर एक ठेवून देईल. तिने एकच गोष्ट विचारली.

"मी नवसाचं पत्र पाठवलं होतं. ते तुला मिळालं होतं का तेव्हा?"

"मिळालं होतं. सही केली तेव्हा खिशातच होतं."

"मग बरं," आई म्हणाली. "मला वाटायचं, पोचलंच नाही की काय. तू पुढे कधी त्याचं लिहिलं नाहीस ना."

आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली! ज्याने तिला तीन माणसांसमोर नाकारलं, त्याच्या पाठीवरून. थोड्या वेळाने म्हणाली, "नको करूस तू. पोरीचं लग्न आहे." मग माझ्याकडे वळली. "रविवारी तू कालव. त्याच्या नावाने. मी हजानना सांगते, चालेल त्यांना."

मी पोह्यांचा डबा हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, "मी का?"

"अगं, कुणीतरी करायला नको का? माझे किती दिवस राहिलेत."

"आजवर या घरात जेवढे मलिदे झाले त्यांचे पोहे मी धुतले, खोबरं मी खवलं, मी कालवले. शेजारपाजारच्या आपल्या लोकांकडे काही असलं तरी मलाच बोलावतात. तेव्हा नाही तुला वाटलं की हिच्या हाताचा काही नवस असावा. माझ्यासाठी तू कधी बोललीस नवस? एकदा तरी?"

आईला खरंच प्रश्न कळला नाही. ती माझ्याकडे बघून अगदी सरळपणे म्हणाली, "तुझ्यासाठी कशाला बोलू? तू तर इथेच होतीस."

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य होतं, "मी करणार नाही. माझे हात त्याच्या बदलीला ठेवलेले नाहीत." दादा म्हणाला, "जाऊ दे ना ग." मी त्याला म्हटलं, तू तुझ्या कागदी ताटलीत तोंड घाल. शुक्रवारी सकाळी हजानना फोन करून रविवारचं रद्द केलं. कारण विचारलं तर म्हटलं, आईला बरं नाही. बाकीच्या माणसांनाही एकेक करून फोन केले.

शनिवारी दादा चालत मशिदीत गेला. शनिवारी तो लिफ्टचं बटण दाबत नाही, वीज चालवणं होतं म्हणून. परत येताना अकरा मजले चढला. आई खुर्ची दाराबाहेर घ्यायला लावून जिन्याच्या तोंडाशी तांब्या घेऊन बसली होती. तो वर पोचला तेव्हा छातीचा भाता चाललेला, आणि ही त्याला पदराने वारा घालतेय. तिच्या हातून त्याने पाणी घेतलं. ते तेवढं चाललं त्याला. मी आतून बघत होते आणि माझ्या मनात दोघांबद्दल जे येत होतं ते चांगलं नव्हतं.

रविवारी सकाळी, जेव्हा दहा माणसं यायची होती त्या वेळेला, मी नवसाच्या पोह्यांचे कांदेपोहे केले.

मुद्दाम केले. घरात दुसरे पोहे होते, पातळ, चिवड्याचे. रवा होता. पण मी तोच डबा काढला, कांदा चिरला, हळद टाकली, शेंगदाणे टाकले आणि आईच्या पुढ्यात बशी आणून ठेवली. तिने पोह्यांची जाडी बघूनच ओळखलं. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईची नजर होती, पण पोहे ओळखण्यात ती चुकणार नव्हती. तिने चमचा उचलला. सगळे खाल्ले, सावकाश, एकही दाणा न ठेवता. "मीठ जरा कमी आहे," म्हणाली आणि बशी परत दिली. दादा खिडकीशी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभा होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

गुरुवारी तो गेला. जाताना उरलेल्या कागदी ताटल्या ओट्यावर ठेवून गेला, पुढच्या वेळेसाठी.

आईने मला नंतर एका शब्दाने विचारलं नाही. रोजच्यासारखी जेवत होती, औषधं घेत होती, टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवत होती. मला वाटत होतं, ती एकदा विचारेल आणि मी आढेवेढे घेऊन हो म्हणेन. पोहे काय, पुन्हा आणता येतात. गूळ डब्यात तसाच होता. मी वाट बघत होते. मीही विचारू शकत होते, पण मला वाटे, गरज तिला आहे, तिने विचारावं. पाच आठवडे असे गेले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी चहा पिऊन तिने कप खाली ठेवला आणि मान टेकवली ती टेकवलीच.

आमच्यात वेळ लावत नाहीत. त्याच दुपारी पुरलं. नवसासाठी दहा माणसं जमवायला नऊ फोन लागले होते, मातीला न बोलावता बावीस आली. दादाला विमान मिळून पोचणं शक्यच नव्हतं. कुणीतरी फोन हातात धरून त्याला शेवटची प्रार्थना ऐकवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मी गादी काढून जमिनीवर बसले होते, सात दिवस बसायचं असतं तशी, आणि तोही तिकडे आपल्या घरी जमिनीवरच बसला होता. मालवणी वहिनी पेज घेऊन आल्या होत्या, त्या आत भांडं ठेवत होत्या. बराच वेळ आम्ही दोघं नुसते हो ग, हो रे करत होतो. माझा त्याच्यावरचा राग अजून तसाच होता, आईला पुरूनही कमी झाला नव्हता. नातीच्या लग्नाची नोंद झाली का, हे मी मुद्दाम विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, झाली. फाईल कुणी उघडलीच नाही म्हणे. तिथल्या कारकून मुलीने कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि शिक्का मारला.

मी म्हटलं, "अभिनंदन." आणि फोन ठेवणार होते.

"थांब," तो म्हणाला. "तुला सांगायचं राहिलं. तुझे उपकार कसे मानू ते कळत नव्हतं म्हणून फोन केला नाही इतके दिवस."

"कसले उपकार?"

"आईने सांगितलं मला. मी परत आलो त्याच्या पुढच्या आठवड्यात, तिने स्वतः फोन लावला होता, तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. म्हणाली, तू ऐकलंस तिचं. मी निघालो त्याच्या पुढच्या रविवारी केलंस सगळं, माझ्या नावाने. दहाच्या दहा माणसं आली, हजानने छान म्हटलं, खजूर फार चांगले मिळाले. म्हणाली, आता नवस फिटला, तू काही मनात ठेवू नकोस. एवढी खूश होती ग. मी पन्नास वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोपलो."

 खुर्चीतून उठायला जिला माझा हात लागायचा, तिने मी मेडिकलच्या दुकानात उभी असताना, एकटीने बसून, दहा माणसं बोलावली होती. खजूर आणले होते. हजानना गायला लावलं होतं. आणि मला कालवायला बसवलं होतं.

"हॅलो," दादा म्हणाला. "आहेस ना? फक्त वेलची जरा जास्त झाली होती म्हणाली तुझ्याकडून. हसत होती."

वहिनी आतून पेजेची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. मी त्यांना हाताने खूण केली, ठेवा म्हणून.

"हो," मी म्हटलं. "झाली होती जरा."